हा कोणीच नाही

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, टेबल टेनिसच्या टेबलामागच्या खोलीत, एक छोटंसं वाचनालय आहे. रविवारी सकाळी ते उघडून बसायचं काम माझ्याकडे, कारण बिल्डिंगमध्ये निवृत्त ग्रंथपाल मी एकटीच. वाचनालय म्हणायचं एवढंच. घोडबंदर रोडवरच्या घरांतून पुस्तकांपेक्षा बाकीचंच सामान तिथे जास्त येतं. गणपतीआधी घरं आवरायला निघाली की तुकडे हरवलेली कोडी, चाक नसलेल्या गाड्या, थोरल्याची वाचून झालेली आणि धाकट्याला नको असलेली चित्रांची पुस्तकं, सगळं "मुलांना होईल" म्हणून माझ्या दाराशी. असंच कुणीतरी एक भलीमोठी पिशवी भरून प्लॅस्टिकचे डायनासोर ठेवून गेलं. दुसरीतल्या ओजसनं ती फरशीवर उपडी केली, पोटावर आडवा झाला आणि खेळायचं सोडून वाटणी करायला बसला. दातवाले एकीकडे, शिंगवाले दुसरीकडे. लांब मानेवाले उरले ते एकाच ढिगात जातील असं मला वाटत होतं, तर त्यानं त्यांचेही वेगळे ढीग केले. "आजी, मान लांब असली म्हणून सगळे एक नसतात," तो मान वर न करता म्हणाला. "ह्याचे पुढचे पाय बघ, मागच्यापेक्षा उंच आहेत. म्हणून हा ब्रॅकिओसॉरस. ह्याची शेपटी शेवटी एकदम बारीक झालीय, तो डिप्लोडोकस." शेवटी एक नारिंगी प्राणी त्याच्या हातात राहिला. पोटावर साच्याची शिवण, तळपायावर 'मेड इन चायना'ची उठावदार अक्षरं, मान लांब, पण पंजे वाघाचे आणि पाठीवर काटे. ओजसनं तो उलटासुलटा करून पाहिला, पायांची बोटं मोजली आणि सगळ्या ढिगांच्या बाहेर भिंतीशी ठेवून दिला.

"हा कोणीच नाही," म्हणाला आणि पोहण्याच्या क्लासला पळाला.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माझं उभं आयुष्य ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात तालिकाकार म्हणून गेलं, आणि आमच्या कामात 'कोणीच नाही' अशी नोंद नसते. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत तारीख, दाखल क्रमांक, लेखक, किंमत, मग वर्गांक, मग पाठीवर चिठ्ठी. पहिली पानं फाटलेली असोत, लेखकाचं नाव कसरीनं खाल्लेलं असो, कुठल्या तरी कप्प्यात त्याला बसवावंच लागतं, नाहीतर ते असून नसल्यासारखं. डायनासोरांचा वर्गांक मला अजून तोंडपाठ आहे: ५६७.९. ड्युईच्या वर्गीकरण पद्धतीत ५६७ म्हणजे थंड रक्ताच्या कणाधारी प्राण्यांचे जीवाश्म, आणि पुढचा ५६८ जीवाश्म पक्ष्यांचा. पक्षी हे डायनासोरांच्याच वंशातले आहेत हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं, पण आमच्या कपाटात त्यांच्यामध्ये लोखंडी फळीची आडकाठी आहे ती आहेच. ती काढायची तर जगभरच्या ग्रंथालयांतल्या चिठ्ठ्या खरवडाव्या लागतील. एकदा पाठीवर डकवलेली चिठ्ठी सुटता सुटत नाही. हे सगळं मी ओजसला सांगितलं असतं तर त्यानं बहुतेक मलाही भिंतीशी बसवलं असतं.

मग मी वाचायला बसले. निवृत्त माणसाला दुसरं काय जमतं! पोरगा म्हणत होता ते खरंच निघालं. ह्या लांब मानेच्या, चार खांबांवर चालणाऱ्या, झाडपाला ओरबाडणाऱ्या अजस्र प्राण्यांना मिळून सॉरोपॉड म्हणतात, पण मान हे त्यांच्यातलं ओळखीचं लक्षण असलं तरी नातं ठरवायला ती फारशी उपयोगाची नाही, कारण ती सगळ्यांनाच आहे. नातं ठरतं बारीकसारीक गोष्टींवरून. डिप्लोडोकसच्या घराण्यातल्यांचे दात बारीक, सरळ, जबड्याच्या पुढच्या टोकाला दाटीनं आलेले; कॅमारासॉरसचे रुंद आणि जाड. ब्रॅकिओसॉरस आणि टायटॅनोसॉर हे एका बाजूचे भाऊबंद. टायटॅनोसॉरांच्या पुढच्या पायांतली बोटांची हाडं जवळपास नाहीशी झालेली, चाल पाय फाकवून टाकायची, काहींच्या कातडीत हाडांच्या चकत्या. आणि हे सगळं ओळखायचं कशावरून, तर एखाद्या मणक्याच्या तुकड्यावरून. मानेचे मणके आतून पोकळ, हवेच्या पिशव्यांनी भरलेले, म्हणून तर एवढी लांब मान उचलली जायची. पण हलकी हाडं टिकत नाहीत. देहाच्या मानानं इवलीशी असलेली कवटी तर सगळ्यात आधी तुटून वाहून जाते. जगातल्या सगळ्यात मोठ्या प्राण्यांपैकी कितीतरी जणांचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. शेपटी मात्र सापडते. मणके घट्ट, चिवट आणि संख्येनं भरपूर.

ह्या शेपटीचीच एक गोष्ट आपल्याकडची आहे. १८२८मध्ये जबलपूरच्या छावणीजवळच्या बडा सिमला टेकडीवर विल्यम स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला दगड झालेली हाडं मिळाली. हा तोच स्लीमन, ज्याचं नाव आपण ठगांच्या बंदोबस्ताच्या संदर्भात ऐकतो. त्यानं ती तिथल्या डॉक्टर स्पिल्सबरीला दिली, आणि पुढे ती कोलकात्यात जेम्स प्रिन्सेपकडे पोचली. ब्राह्मी लिपी वाचणारा तोच प्रिन्सेप. म्हणजे अशोकाचे लेख आणि डायनासोरची शेपटी दोन्ही एकाच माणसाच्या हातून गेलेली! त्या वेळी 'डायनासोर' हा शब्दही जन्माला आलेला नव्हता. रिचर्ड ओवेननं तो १८४२मध्ये दिला. १८६२मध्ये हाडं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ताब्यात आली आणि १८७७मध्ये रिचर्ड लायडेकरनं त्यांना नाव दिलं, टायटॅनोसॉरस इंडिकस. भारतातून नाव मिळालेला हा पहिला डायनासोर. लायडेकरला त्या मणक्यांत काय दिसलं? मणक्याची पुढची बाजू खोलगट आणि मागची गोल फुगीर, उखळात मुसळ बसावं तसा एक मणका दुसऱ्यात बसलेला. तोवर माहीत असलेल्या कुठल्याही डायनासोरच्या शेपटीत ही रचना त्यानं पाहिली नव्हती. एवढ्या एका खुणेवर त्यानं नवं घराणं उभं केलं आणि ते बरोबरच होतं.

पुढे काय झालं, तर ते मणके हरवले. चोरीला गेले नाहीत, फुटले नाहीत, नुसते हरवले. मोठ्या संग्रहात वस्तू हरवते म्हणजे काय होतं हे मला कुणी समजावून सांगायला नको. कपाट हलतं, बिल्डिंग बदलते, जुना माणूस निवृत्त होतो, त्याच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी नव्या माणसाला लागत नाही. वस्तू तिथेच असते, दोन फुटांवर, आणि कागदोपत्री ती कुठेच नसते. अनेक वर्षं संशोधक लायडेकरच्या जुन्या चित्रांवरून काम चालवत राहिले. शेवटी २०१२मध्ये धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी सुभाशिष सेन ह्यांना कोलकात्यातल्याच संग्रहात त्यांतला एक मणका पुन्हा सापडला. हे वाचताना मला एकदम आमच्या ग्रंथालयातला वार्षिक पडताळणीचा दिवस आठवला. नाकाला रुमाल, हातावर काळी धूळ, फळीच्या मागच्या बाजूला आडवं पडलेलं, 'गहाळ' म्हणून शेरा मारलेलं पुस्तक हाताला लागतं तेव्हा माणूस ओरडतोच. मोहबे ओरडले की नाही माहीत नाही. मी ओरडले असते.

गंमत अशी, की मणका सापडला तोवर त्याचं नावच गेलेलं होतं.

२००३मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च ह्या दोघांनी टायटॅनोसॉरसचा सगळा दफ्तरखाना तपासला. लायडेकरनंतरच्या सव्वाशे वर्षांत अर्जेंटिनापासून मादागास्करपर्यंत तशीच शेपटी असलेले कितीतरी प्राणी निघाले होते. जे लक्षण एकट्याचं वाटलं होतं, ते सगळ्या घराण्याचं ठरलं. मग जबलपूरच्या त्या मणक्यांवरून हा अमुकच प्राणी असं सांगायला काही उरलं नाही. म्हणून त्यांनी सांगितलं की टायटॅनोसॉरस हे नाव ह्यापुढे वापरू नये. घराण्याचं टायटॅनोसॉरिया हे नाव मात्र कायम राहिलं, आणि जगातले सगळ्यात वजनदार समजले जाणारे अर्जेंटिनोसॉरस, पॅटागोटायटन वगैरे सगळे त्याच नावाखाली नांदतात. मूळपुरुष बेदखल आणि त्याच्या नावानं खटलं चालू! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला होता. आपलं होतं नव्हतं ते एक नाव, तेही गेलं. मग रागाचीच थोडी लाज वाटली, कारण युक्तिवाद चोख होता आणि मणक्याचं त्यानं काहीच बिघडलं नव्हतं. तरी खरं सांगायचं तर राग पुरता गेलेला नाही.

अमेरिकेतल्या ब्रोन्टोसॉरसचं नशीब पाहा. मार्श नावाच्या जीवाश्मशास्त्रज्ञानं १८७७मध्ये अपॅटोसॉरस आणि १८७९मध्ये ब्रोन्टोसॉरस अशी दोन नावं दिली, दोन्ही घाईघाईत, प्रतिस्पर्ध्याच्या आधी छापायच्या ईर्ष्येनं. १९०३मध्ये रिग्जनं सांगितलं की हे दोन्ही एकच वाटतात, तेव्हा आधीचं नाव खरं. म्हणजे आमच्या भाषेत, कार्डावर लिहायचं: 'ब्रोन्टोसॉरस, पाहा: अपॅटोसॉरस'. लोकांनी हे कार्ड कधी वाचलंच नाही, ते ब्रोन्टोसॉरसच म्हणत राहिले. त्यात संग्रहालयांतल्या सांगाड्यांवर वर्षानुवर्षं भलत्याच जातीच्या वळणाची बोजड डोकी चढवलेली. पिट्सबर्गच्या संग्रहालयातलं डोकं बदलायला १९७९ साल उजाडलं. आणि २०१५मध्ये त्शॉप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेकडो लक्षणं मोजून दाखवलं की दोघांत फरक आहे, ब्रोन्टोसॉरस हे नाव परत चालू करायला हरकत नाही. सगळ्यांना ते अजून पटलेलं नाही. पण शंभराहून जास्त वर्षांनी 'पाहा' कार्ड रद्द होऊन मूळ कार्ड परत ड्रॉवरमध्ये जातं, ह्याचा मला फार आनंद झाला. आम्ही ती जुनी कार्डं फेकून देत नसू. कोरी पाठ रफ कामाला वापरायचो हे वेगळं.

इथे ठाण्यात हे सगळं वाचताना एक चमत्कारिक वाटत राहतं. आमच्या बाल्कनीतून येऊरचा डोंगर दिसतो, पावसात हिरवा गच्च, उन्हाळ्यात काळाकभिन्न. खाडीपलीकडे पारसिकची रांग, आणि त्या रांगेच्या पाठीला नवी मुंबईच्या अंगानं खडी काढून काढून उघडे पडलेले कडे. सगळा बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे दख्खनवर थरावर थर चढलेला लाव्हा. आपल्या किल्ल्यांचे कातळ, लेण्यांच्या भिंती, घाटातले धबधबे, बिल्डिंगच्या पायातली खडी, सगळं त्यातलं. उकळत्या लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत, तेव्हा पारसिकच्या बोगद्यात कितीही डोळे ताणले तरी डायनासोर दिसायचा नाही. मुंबईकडचे काही थर तर डायनासोर संपल्यानंतरचेच मानले जातात. पण दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात तळी साचायची, चिखल जमायचा. वरळीच्या टेकडीतल्या अशाच गाळात इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले, आणि १८४७मध्ये त्यांना नाव देणारा कोण, तर ओवेन. डायनासोर हे नाव ज्यानं काढलं त्याच माणसानं वरळीच्या बेडकाचंही बारसं केलं. आम्हाला आमच्या मापाचं मिळालं म्हणायचं.

माझं माहेर मात्र लाव्ह्याच्या कडेला आहे. वरोरा, चंद्रपूर जिल्हा. तिथे लाव्ह्याखालचा नदी-तळ्यांचा जुना गाळ उघडा पडतो, त्याला लमेटा म्हणतात, आणि त्यात हाडं असतात. वरोऱ्याच्या बाजूला डोंगरगाव आहे, तिथल्या टेकडीत १९८०च्या दशकात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी एका लांबमान्याचा चांगला भरघोस सांगाडा खणून काढला. मान, पाठ, कंबर, शेपटी, फासळ्या, पुढचा पाय. कवटी नाही, मागचे पाय नाहीत. १९९७मध्ये सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय ह्यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टाय म्हणून नोंदवलं, आणि २००३मध्ये टायटॅनोसॉरस हे नाव निकालात निघाल्यावर विल्सन-अपचर्च जोडीनं ह्याला नवीन नाव दिलं: आयसिसॉरस. आय.एस.आय. ह्या त्याच संस्थेवरून. त्या वर्षांत मी दर दिवाळीला रात्रभराच्या गाडीनं वर्ध्याला आणि तिथून वरोऱ्याला जात होते. घरात बोलणं कापसाच्या भावाचं, कुणाच्या लग्नाचं, वर्धेच्या पुराचं. हाकेच्या अंतरावर कोणी एवढं मोठं धूड मातीतून ब्रशनं मोकळं करत होतं, ह्याचा ओसरीवर एक शब्द नाही. कोणाला दोष देऊ? खणणाऱ्यांनी गाजावाजा केला नाही, आणि आमच्या घरात कोणी विचारलं नसतं. ओजसला आयसिसॉरस माहीत होता. त्याची लांबी-बिंबी घडाघडा म्हणून दाखवली. चंद्रपूर माहीत नव्हतं.

ह्या संस्थेचं मला जुनं अप्रूप आहे, आणि त्याचं कारण डायनासोर नव्हे. आमचे रंगनाथन, ज्यांच्यामुळे ह्या देशात ग्रंथालयशास्त्र नावाचं काही आहे, त्यांनी १९६२मध्ये बेंगळुरूला प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र काढलं ते ह्याच संस्थेच्या छत्राखाली. संख्याशास्त्राची संस्था, तिच्यात एकीकडे पुस्तकांचं वर्गीकरण शिकवतायत, दुसरीकडे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात हाडं खणतायत! संस्थेचे संस्थापक महालनोबिस, त्यांचा आवाकाच तसा. लंडनहून पामेला रॉबिन्सन ह्या जीवाश्मशास्त्रज्ञ बाईंना त्यांनीच बोलावून घेतलं होतं. सिरोंच्याच्या परिसरातल्या त्या खोऱ्यात मिळालेल्या सुमारे तीनशे हाडांमधून बारापासॉरस टागोरी उभा राहिला. खोदकामाच्या त्या काळात, १९६१मध्ये, टागोरांची जन्मशताब्दी होती, म्हणून नावात टागोर. आणि पहिल्या हाडांतली मांडी माणसाच्या उंचीची, म्हणून बंगालीत 'मोठा पाय'. १९७५मध्ये नाव छापलं गेलं. एका परिषदेच्या निमित्तानं कोलकात्याला गेले तेव्हा तो सांगाडा मी पाहिलाय. दुपारची वेळ, दालनात मी आणि एक पेंगुळलेला शिपाई. हाडांचा रंग तांबूस तपकिरी, जिथे तुकडे जोडलेत तिथे प्लास्टरचा फिकट पट्टा. बरगड्यांखाली उभं राहून वर पाहिलं की मान दुखायला लागते. कवटी सापडलेली नाही, काही दात तेवढे मिळालेत, त्यामुळे डोकं अदमासानं बसवलेलं. शिपाई म्हणाला, सगळे डोक्याचाच फोटो काढतात.

माहेरच्या मुलखातली आणखी एक चीज तर हाडांहून मोलाची निघाली आणि ती म्हणजे शेण. पिसदुऱ्याला, तेही वरोऱ्याच्याच बाजूला, टायटॅनोसॉरांच्या वाळून दगड झालेल्या विष्ठेचे गोळे मिळतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी वगैरे मंडळींनी ते विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि २००५मध्ये जाहीर केलं की आत गवत आहे. गवताच्या पात्यात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, पातं सळकन बोट कापतं ते त्यांच्यामुळेच. ते कण टिकून होते, आणि त्यांच्या आकारांवरून किमान पाच प्रकारची गवतं ओळखता आली. त्यांत भाताच्या आणि बांबूच्या कुळातलीही. तोवर सगळ्यांचा समज असा, की गवत पसरलं ते डायनासोर गेल्यानंतर. एका गोळ्यानं तो पार पुसला. भाताच्या भाऊबंदाला चरणारा एवढा मोठा प्राणी, चंद्रपुरात. आमच्या आजीनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, मग त्याच्यात नवल काय, धान पिकतो तिथे जनावर शिरणारच.

आणि जे टिकलं नाही त्याचं काय? तमिळनाडूत अरियालूरजवळ कल्लमेडूला काही हाडं मिळाली होती. यादगिरी आणि अय्यासामी ह्यांनी १९८७मध्ये त्यांचं वर्णन छापलं: ब्रुहत्कायोसॉरस. नडगीचं एक हाड म्हणे दोन मीटरचं. आधी तो मांसाहारी म्हणून नोंदला गेला, मग इतरांच्या लक्षात आलं की हा लांबमान्याच असणार, आणि तसं असेल तर जमिनीवर चाललेल्या सगळ्यात मोठ्या प्राण्यांमध्ये त्याची गणना. पण हाडं ठिसूळ, पाणी प्यालेली. प्लास्टरच्या आवरणात बांधली तरी ती ठिकाणावर पोचेपर्यंत आतल्या आत भुगा झाली. उरली रेखाचित्रं. त्यावरून पुढे लोकांनी हिणवलंही, की हाड नव्हतंच, दगड झालेलं लाकूड असेल. अगदी २०२२मध्ये त्या वेळचे जुने फोटो प्रसिद्ध झाले तेव्हा कुठे बोलणाऱ्यांची तोंडं थोडी बंद झाली. हे प्रकरण मी पावसाळ्यात वाचलं. आमच्या खोलीत तेव्हा भिंतीला पोपडे, पुस्तकांच्या कडा फुगलेल्या, पानं उलटली की बुरशीचा तो ओला आंबूस वास, आणि डांबराच्या गोळ्यांचा त्याच्यावर चढलेला. ठाण्याच्या हवेत कागद वाचवणं म्हणजे दर वर्षी हरणारी लढाई. फुगलेल्या पानांना टिपकागद लावत बसले असताना मला त्या प्लास्टरच्या गाठोड्याची आठवण येत होती: वर क्रमांक, तारीख, ठिकाण सगळं व्यवस्थित लिहिलेलं असणार. आत पीठ.

जुन्या गाठोड्यांतून मिळतं तेही विलक्षण. गुजरातमध्ये धोली डुंगरीला मोहबेंना, त्याच मणका शोधून काढणाऱ्या मोहबेंना, एका दगडात लांबमान्यांची अंडी आणि बारीक हाडं मिळाली. १९८७मध्ये ती सगळी पिल्लाची म्हणून छापली गेली. २००१मध्ये विल्सन तो दगड बघत असताना त्याला त्यात सापाचे मणके दिसले. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप, समोर नुकतं बाहेर आलेलं पिल्लू, आणि वर ढासळलेला चिखल. २०१०मध्ये त्या सापाला सनाजे हे नाव मिळालं. चौदा-पंधरा वर्षं तो तिथेच होता, पिल्लाच्या नावावर. तिकडे मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात तर घरटीच्या घरटी आहेत, ब्याण्णव घरट्यांमधली अडीचशेच्या वर अंडी २०२३मध्ये नोंदवली गेली. त्याच वर्षी बातमी आली होती की तिथल्या एका गावात असे गोल दगड काकड भैरव म्हणून शेताच्या राखणीला पिढ्यानपिढ्या पुजले जातात. बातमीचा सूर 'बघा अडाणी' असा होता आणि तो मला खटकला. अंडी म्हणून कोणी पाहत नव्हतं तेव्हा त्यांना सांभाळलं कुणी? रोज शेंदूर लावणाऱ्यांनीच ना. संग्रहालयाच्या पोटात मणका हरवू शकतो, बांधावरचा भैरव हरवत नाही.

वरोऱ्याला माझा मामेभाऊ अजून शेती करतो. उन्हाळ्यात नांगरटीच्या वेळी मी त्याला फोन केला आणि जरा शाळेतल्या बाईंच्या थाटात सगळं बजावलं: गोल, जड, वेगळ्या रंगाचा दगड वर आला तर बांधावर फेकू नको, घरीही आणू नको, आहे तिथेच राहू दे, फोटो काढ, आणि नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ऑफिस आहे तिकडे कळव. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, आपल्या वावरात गोट्यायले का तोटा हाये? कोणाकोणासाठी फोन करू?" मी म्हटलं, निदान शेणाच्या गोळ्यासारखा दिसला तरी कर, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं शेण असतं ते. पलीकडे जरा वेळ शांतता.

"मंग ते खत म्हणून चालते का?"